ऑगी ब्रेझिना उभा राहिला नाही ते वर्ष

ऑगी ब्रेझिना चार वेळा निवडणुकीला उभा राहिला आणि चारही वेळा पडला. पाचव्यांदा तो उभाच राहिला नाही. गावाने त्याला नावं ठेवली ती या पाचव्या वेळेसाठी.

घरं गरम ठेवणाऱ्या भट्ट्या दुरुस्त करणं हा त्याचा धंदा. आमच्या सेंट सिरिल पॅरिशमध्ये, म्हणजे चर्चभोवतीच्या वस्तीत, असं एकही तळघर नसेल की जिथे तो गुडघे टेकून बसला नसेल. काम करताना त्याचं भांडण चालू असायचं, कधी भट्टीशी, कधी घरमालकाशी, तर कधी रेडिओवर बोलणाऱ्या पुढाऱ्याशी. आम्ही दोघं एकाच कॉन्व्हेंटच्या शाळेत शिकलो. समोरच्याचं वाक्य मध्येच तोडू नये, हे सिस्टर्सनी आम्हाला पट्टीने शिकवलं होतं. माझ्या अंगात ते कायमचं भिनलं. ऑगीने ते वर्गातच सोडलं.

आमच्या काउंटीचा, म्हणजे जिल्ह्याचा, कारभार तीन कमिशनर पाहतात. दर चार वर्षांनी त्यातल्या एका जागेसाठी ऑगी आमच्याच पक्षाच्या माणसाविरुद्ध उभा राहायचा. म्हणजे मे महिन्यातल्या प्रायमरीत, नोव्हेंबरात पक्षाचा उमेदवार कोण हे जिथे ठरतं तिथे. पक्षाची माणसं त्याला घरभेदी म्हणत. पण ही लढाई मेमध्ये होत नसे. ती व्हायची त्याआधी, लेंटच्या, म्हणजे ईस्टरआधीच्या उपासाच्या दिवसांतल्या, दर शुक्रवारी, चर्चखालच्या हॉलमध्ये. त्या शुक्रवारी गाव तिथे तळलेली मासळी आणि बटाट्याचं सारण भरलेली पिरोगी खायला जमतं, आणि उमेदवाराने कमरेला एप्रन बांधून टेबलाटेबलावर ताटं न्यायची असा रिवाज आहे. ताट ठेवलं की खाणारा प्रश्न विचारणार. मी बरीच वर्षं दाराशी तिकिटं फाडायला बसत असे, त्यामुळे हे सगळं माझ्या समोर घडलं.

मर्ल टॅगार्ट पक्षाकडून पहिल्यांदा उभा राहिला तेव्हा त्याच्या औषधांच्या दुकानाबाहेर त्याला कोणी ओळखत नव्हतं. तो एप्रन बांधून ताटं नेत होता. ऑगीही एप्रन बांधून त्याच्या मागोमाग फिरत होता.

"मर्ल, मिल क्रीकचा पूल दोन वर्षं बंद का आहे?"

"त्याचा... अभ्यास चालू आहे."

"अभ्यास? पूल काय शाळेत जातो होय?"

हॉल हसला. मर्लचे कान लाल झाले. पुढच्या शुक्रवारी तो पुलाची सगळी माहिती काढून आला, तर ऑगीने त्याला गटारांवरून धरलं. ईस्टर जवळ येईतो मर्ल स्वतःच हातात ताट घेऊन ऑगीसमोर उभा राहायला लागला, "हं, विचार." मेमध्ये मर्लने ऑगीला साफ झोपवलं. ऑक्टोबरात दुसऱ्या पक्षाच्या उमेदवाराने मोठ्या आवेशाने पुलाचा प्रश्न काढला, तेव्हा मर्लने त्याला असं उत्तर दिलं की तो माणूस खालीच बसला. ऑगीने अंगणातली आपली पाटी उपटली होती. त्याच काठीवर त्याने मर्लची पाटी ठोकली.

असं चार वेळा झालं. एकदा औषध बांधून देताना मर्ल मला म्हणाला, "लिओना, तुमचा तो ऑगी म्हणजे माझ्या बुटातला खडा आहे." मी म्हटलं, "मग काढून टाका." तो म्हणाला, "नको. त्याच्यामुळे मी खाली बघून चालतो." हे त्याने ऑगीला सांगितलं असतं तर बरं झालं असतं. त्याने सांगितलं नाही. मर्ल निवृत्त होऊन फ्लॉरिडाला गेला.

तोवर ऑगीची बायको व्हेरोना अर्धांगाने अंथरुणाला खिळली होती. मुलं नाहीत. काउंटी होममध्ये, म्हणजे ज्यांचं घरी करायला कोणी नाही त्यांच्यासाठी काउंटीने चालवलेल्या घरात, तिला ठेवलं होतं. ते ऑगीच्या घरापासून चालत जाण्याइतकं जवळ. रोज संध्याकाळी तो तिला सूप भरवायचा, तिचे केस विंचरायचा आणि दिवसभरात कोणाशी काय भांडलो ते तिला सांगायचा. व्हेरोनाला बोलता येत नव्हतं, पण हसता येत होतं.

आणि ते होम विकायचं घाटत होतं. दुसरा पक्ष उघडच म्हणत होता की एका खासगी कंपनीला ते देऊन टाका, काउंटीला परवडत नाही. तिघांपैकी एक कमिशनर विकायच्या बाजूचा होता, एक विरोधात. मर्लच्या रिकाम्या जागेवर कोण येतो यावर व्हेरोनाची खाट अवलंबून होती.

जानेवारीत आमच्या पक्षाचा काउंटी अध्यक्ष डेल ख्रोबाक ऑगीच्या घरी आला. मी अक्रोडाचा गोड रोल द्यायला गेले होते, तेव्हा स्वयंपाकघरातच बसले होते. डेलचा बाप ऑगीबरोबर बॉलिंग खेळायचा; डेलला ऑगीने कडेवर घेतलेलं.

"ऑगी, या खेपेला आमचा माणूस ग्रेडन स्लोकम."

"फर्निचरवाल्याचा मुलगा? केस छान आहेत त्याचे."

"चांगला मुलगा आहे. पण नवा आहे. त्याला तुम्ही ओरबाडू नका."

"ओरबाडतो म्हणजे? प्रश्न विचारतो."

"तेच ते. हे बघा, पलीकडच्या पक्षात तिघं उभे आहेत. ते मेपर्यंत एकमेकांचे कपडे फाडणार. आपला माणूस नोव्हेंबरात कोराकरकरीत उतरेल. तुम्हाला होम वाचवायचंय ना?"

ऑगी बराच वेळ कपातला चमचा फिरवत राहिला. मग म्हणाला, "त्याने कधी कुणाच्या प्रश्नाला उत्तर दिलंय का रे?"

"शिकेल."

"कुठे? आरशासमोर?"

"ऑगी," डेल आवाज खाली आणून म्हणाला, "तुम्ही उभे राहिलात, आणि तुमच्यामुळे ग्रेडन पडला, तर व्हेरोनाला काय सांगाल?"

ऑगीने रोलची ताटली डेलपुढे सरकवली. डेलने रोलचे दोन तुकडे खाल्ले, चांगला झालाय म्हणाला आणि गेला. दार लागल्यावर ऑगी मला म्हणाला, "लिओना, मी खरंच त्यांचं नुकसान करत होतो का गं?"

"मर्लला विचार," मी म्हटलं.

"मर्ल जिंकला तो मर्लच्या अकलेवर," तो म्हणाला. त्याला तसंच वाटत होतं.

तो उभा राहिला नाही. त्या वर्षीच्या लेंटमध्ये ग्रेडन स्लोकम एकाच शुक्रवारी आला, एप्रन बांधला, एक ताट हातात धरून फोटो काढून घेतला आणि निघून गेला. ताट कोणाचं होतं ते शोधायला स्टेफी वारगोला हॉलभर फिरावं लागलं. ती स्वयंपाकघराची मुख्य, तोंडाने तिखट. "निवडून आलेला दिसतोय हा आधीच," ती म्हणाली. प्रश्न कोणी विचारले नाहीत. एकच उमेदवार असला की विचारायचं तरी काय? ऑगी कोपऱ्यात बसून मासळीचे काटे काढत होता. दोनदा त्याने तोंड उघडलेलं मी पाहिलं, दोनदा मिटलेलं.

पलीकडे मात्र डेल म्हणाला तसंच झालं, तिघांनी एकमेकांना सोलून काढलं. त्यांच्यात पॉला डिटमार म्हणून एक दुधाचा धंदा करणारी बाई होती. तिच्याच पक्षाच्या लोकांनी तिचा घटस्फोट उकरून काढला, उशिरा भरलेला कर उकरून काढला. होम विकायची भाषा करतेस, तर ज्यांना कोणी नाही ते कुठे जाणार ते सांग, म्हणून एका सभेत तिला रडवलं. आम्ही इकडे खुशीत होतो. डेल म्हणत होता, बघा कशी रक्तबंबाळ झालीय. तिने मेमध्ये दोघांना हरवलं तेव्हा आमच्या लक्षात आलं नाही की आता तिच्या अंगावर टाकायला आमच्याकडे नवं काही उरलेलं नाही.

ऑक्टोबरात अग्निशमन केंद्राच्या हॉलमध्ये ग्रेडन आणि पॉलाला समोरासमोर बसवलं. मी ऑगीशेजारी होते. कोणीतरी ग्रेडनला विचारलं, होमसाठीचा कर पुढच्या वर्षी संपतोय, पैसे कुठून आणणार?

"आपण एक समिती नेमू," ग्रेडन म्हणाला.

"ते झालं. पण तुम्ही होममध्ये गेला आहात का कधी?"

"अर्थातच. पुष्कळदा. आपल्या वडीलधाऱ्यांना खिडकीतून सरोवर बघत बसलेलं पाहिलं की मन भरून येतं."

होमच्या खिडक्यांतून दगडाची खाण दिसते. सरोवर तिथून गाडीने अर्ध्या तासावर आहे.

मग हशा उसळला. असा की सभेच्या अध्यक्षाने मांडलेली पाण्याची बाटली टेबलावर आडवी झाली. पॉला हसली नाही. ती म्हणाली, "मी गेले होते. उन्हाळ्यात तीनदा गेले. मला ते विकायचंय, हे मी तिथल्या लोकांच्या तोंडावर सांगून आले, त्यांच्या शिव्या खाऊन आले. पण मी आत गेले होते, मिस्टर स्लोकम."

ऑगीने माझ्या दंडाला धरलं. "हे मी त्याला पहिल्याच ताटाला विचारलं असतं," तो म्हणाला. "पहिल्याच ताटाला, लिओना. सगळे हसले असते, आणि सोमवारी हा गुपचूप होममध्ये जाऊन आला असता."

नोव्हेंबरात पॉला डिटमार निवडून आली. होम विकलं गेलं. कंपनीने वर्षाच्या आत ती इमारत बंद केली आणि माणसं जागा मिळेल तिथे पाठवली. व्हेरोनाला दोन काउंट्या पलीकडे खाट मिळाली. ऑगीच्या डोळ्यांत मोतीबिंदू, महामार्गावर गाडी चालवायची नाही असं डॉक्टरांनी बजावलेलं. चर्चची गाडी रविवारी तेवढी जायची. तिथे काम करणाऱ्या मुली तिचे केस कापून टाकत, विंचरायला वेळ नाही म्हणून.

गावात ऑगीला दोन्ही बाजूंनी बोल लागला. अर्धे म्हणाले, इतकी वर्षं पक्ष पोखरला, त्याची ही फळं. उरलेले म्हणाले, डेलने याला काहीतरी चारलं असणार. स्टेफीने तर भर हॉलमध्ये त्याच्या ताटात पिरोगी टाकता टाकता ऐकवलं, "सोळा वर्षं घसा फोडलास, आणि नेमकं बोलायचं तेव्हा दातखीळ बसली!" ऑगीने ताट घेतलं आणि थँक यू म्हणाला. पन्नास वर्षांत मी त्याला उलट उत्तर न देताना तेव्हा पहिल्यांदा पाहिलं.

व्हेरोना एका बुधवारी गेली. बुधवारी गाडी नव्हती.

त्यानंतरच्या हिवाळ्यात, पुढच्या निवडणुकीआधी, डेल पुन्हा आला. या वेळी मला ऑगीनेच बोलावून घेतलं होतं, साक्षीला म्हणाला.

"ऑगी, आम्ही चुकलो," डेलने सुरुवात केली. "आता आपला नवा माणूस आहे, मॉरिस केली. हुशार आहे, पण कच्चा आहे. तुम्ही त्याच्याविरुद्ध उभे राहा. शुक्रवारी त्याला चांगला धुवून काढा. अर्जाला लागणाऱ्या सह्या आम्ही गोळा करून देतो, पैसेही भरतो."

"आणि मी जिंकलो तर?"

डेल हसला. त्याला तो विनोद वाटला. मग ऑगीचं तोंड पाहून तो थांबला. "तसं नाही हो. म्हणजे, तुम्ही काही जिंकायला..."

"डेल," ऑगी म्हणाला, "मी चारही वेळा जिंकायला उभा होतो. मर्लला तालीम द्यायला नव्हे. मी त्याला जे विचारलं ते मला ती खुर्ची हवी होती म्हणून विचारलं. ठरवून विचारलेल्या प्रश्नाने माणसाला घाम फुटत नाही रे बाळा."

"पक्षासाठी तरी..."

"माझी कॉफी संपली. तुझीही संपली असेल."

लेंट आला. डेलने केलीविरुद्ध कुठून तरी एक शिक्षक उभा केला होता. तो केलीच्या मागे मागे फिरून कागदावरचे प्रश्न वाचत होता आणि केली त्यांची पाठ उत्तरं देत होता. लोक टाळ्या वाजवत होते. ऑगीने माझ्याकडून तिकीट घेतलं, खिडकीपाशी बसला. केली ताट घेऊन त्याच्या टेबलाशी आला. मुलगा खरंच चांगला होता. त्याने ताट ठेवलं, हात पुसले आणि अदबीने उभा राहिला.

"मिस्टर ब्रेझिना, तुमच्याबद्दल खूप ऐकलंय. मला काही विचारायचंय का तुम्हाला?"

आजूबाजूच्या टेबलांवरचे लोक वळून बघू लागले. स्टेफीसुद्धा झारा हातात धरून स्वयंपाकघराच्या दारात आली.

ऑगीने त्याच्याकडे वर पाहिलं.

"मीठ दे इकडे," तो म्हणाला, आणि खाऊ लागला.