नऊ पानांची गोष्ट

चष्म्याच्या दुकानात भिंगं घासणाऱ्या त्या माणसाला मित्र ‘आटोपशीर’ म्हणत. बोलणं आखूड, जेवण आखूड, आणि तो लिहायचा त्या गोष्टी त्याहून आखूड. त्याची पहिली वाचक आई. ती प्रत्येक गोष्ट दोनदा वाचायची आणि काही न बोलता भांडी घासायला उठायची. एवढी दाद त्याला पुरे होती.

महिन्याची वर्गणी भरली की फोनवर हवी तेवढी पुस्तकं वाचू देणारी एक कंपनी होती. याच्या गोष्टी तिथे असत. कुणी गोष्ट उघडून थोडी वाचली, की ठरलेले पैसे मिळायचे. गोष्ट दहा पानांची असो की कादंबरी पाचशेची. कादंबरीवाल्यांनी ओरड केली, आणि खरं सांगायचं तर त्यांचंही चुकलं नव्हतं. मग कंपनीने नियम फिरवला: जेवढी पानं वाचली जातील तेवढ्यांचेच पैसे. आटोपशीरच्या गोष्टींतून चहाचाही खर्च निघेना. त्यात दुष्काळात तेरावा महिना, दुकानाच्या मालकाने त्याला अर्ध्या दिवसाच्या पगारावर आणलं.

मग काय करणार बिचारा? त्याने आपल्या सगळ्यात चांगल्या गोष्टीत पाणी घालायला घेतलं. एक बाप दिवसभर मुलीची वाट बघतो, ती येत नाही, तो एकटाच घरी परततो आणि दोन ताटं वाढतो, एवढीच ती गोष्ट. आता बापाला एक भाऊ आला, भावाला धंदा आला, धंद्यात भानगड आली. लिहिताना त्याला स्वतःचाच वीट यायचा. वर्षभरात साडेतीनशे पानं झाली. आणि लोक? कंपनीच्या आलेखावर रोज दिसायचं, पंधराव्या पानाच्या आसपास एकेक जण उठून जात होता.

एका दुपारी मात्र दुकानात बसल्या बसल्या त्याने पाहिलं, तर आलेख चढतच चालला होता. कुणीतरी थेट शेवटच्या पानापर्यंत पोचलं होतं. त्याला इतका आनंद झाला, की हातातलं भिंग तसंच ठेवून तो आईला सांगायला घरी निघाला. आईच्या चष्म्याची तुटलेली काडी बसवायला त्याने सकाळीच चष्मा दुकानात आणला होता. तो आता खिशात होता.

आई खिडकीशी बसली होती. फोन मांडीवर, नजर बाहेर वाळणाऱ्या कपड्यांवर आणि अंगठा सरकतोय. शेवट आला तशी ती परत पहिल्या पानावर गेली.

त्याने चष्मा पुढे केला. ती चपापली.

“पानं उलटली की तुला पैसे मिळतात, असं म्हणाला होतास ना?”

“आणि वाचलीस का?”

“सुरुवात केली होती रे.” ती बराच वेळ काच पुसत राहिली. “मला आपली ती आधीची दे. नऊ पानांची. दोन ताटांची.”

त्याला रडू फुटलं असतं तरी बरं झालं असतं. त्याच फाइलमध्ये तो वर्षभर भर घालत गेला होता. जुनी गोष्ट वेगळी ठेवायची बुद्धीच झाली नव्हती, कंपनीकडेही जुनीच्या जागी ही नवीच चढवली होती. तरी आईशेजारी बसून तो शोधत राहिला. दोनशे एकाहत्तराव्या पानावर ताटं सापडली. दोनच होती. दुसऱ्या ताटावर भाऊ जेवत होता.