बोटीमागचे व्याही

देवाने माणसाचे डोळे पुढच्या बाजूला लावले, ही माझ्या व्याह्यांच्या मते देवाच्या हातून झालेली एकमेव चूक आहे. ते होटगीला मालगाडीचे गार्ड होते. गार्डाचा डबा सगळ्यात शेवटी. आयुष्यभर त्यांनी जग येताना नाही, जाताना पाहिलं, आणि निवृत्त झाल्यावरही ती बैठक मोडली नाही. टमटममध्ये ते मागे तोंड करून बसतात. देवळात सगळ्यांच्या शेवटी चालतात, आपली माणसं मोजत. घरातली मंडळी गावाला निघाली, की व्याही फाटकात उभे राहून खिशातला हिरवा रुमाल वर करतात. तोवर रिक्षावाल्याने क्लच सोडायचा नाही. दुसऱ्या खिशात लाल रुमाल असतो. विहीणबाईंनी एकदा दोन्ही रुमाल एकाच बादलीत भिजवले आणि लालचा रंग हिरव्याला लागला. नवा हिरवा रुमाल येईपर्यंत त्या घरातून कोणी बाहेरगावी गेलं नाही.

माझा त्यांच्यावर राग आहे, आणि तो जुना आहे. ट्रक धुण्यापासून सुरुवात करून मी स्वतःचे टेम्पो केले. लेकीचं लग्न अक्कलकोटला मांडलं, तेव्हा मंडपवाल्यापासून आचाऱ्यापर्यंत प्रत्येकाशी घासाघीस करून सगळं जागच्या जागी आणलं होतं. आणि ऐन मुहूर्ताला नवरामुलगाच नव्हता. वऱ्हाडाची बस होटगीतच उभी होती, कारण तिच्या मागच्या दाराची कडी सुतळीने बांधलेली होती आणि वरपित्याने लाल रुमाल धरला होता. नवी कडी आली, बसली, मग हिरवा रुमाल वर गेला. मी मंडपाच्या दाराशी मुठीत अक्षता घेऊन उभा. घामाने त्यांचा भात व्हायची वेळ आली होती. व्याही बसमधून सगळ्यांच्या शेवटी उतरले. मी म्हणालो, "पाव्हणं, मुहूर्त गेला की." ते म्हणाले, "मुहूर्त गेला, मानसं आली. उलटं झालं असतं तर?" एवढंच. चुकलं, असा शब्द त्यांच्या तोंडून आजतागायत आलेला नाही. व्याह्यांवर ओरडता येत नाही, म्हणून तो राग मी जपून ठेवला आहे.

अशा माणसाच्या हातात माझी बोट सापडली. सोलापुरात बोट कशाला, असं मला पुष्कळांनी विचारलं. जावई ज्या कारखान्यात होते तो बंद पडला होता आणि पुण्यातली एक नोकरी जवळजवळ ठरली होती. म्हणजे लेक पुण्याला, जावई पुण्याला, आणि आम्ही दोन्हीकडचे म्हातारे फोनवर. मला ते मान्य नव्हतं. जावई पोहण्यात पटाईत, बोट चालवायचा परवानाही त्यांनी काढलेला. हिवाळ्यात उजनी धरणाच्या पाण्यावर रोहित पक्षी उतरतात, ते बघायला लांबून माणसं येतात. मी बंद पडलेल्या एका रिसॉर्टकडून एक बोट, तिच्या ट्रॉलीसकट, अशा किमतीला घेतली, की व्यवहार झाल्यावर मालकाने मला चहासुद्धा विचारला नाही. रविवारी सकाळी पाहुण्यांचा पहिला गट यायचा होता. जावयांनी स्वच्छ सांगितलं होतं, "मामा, ही फेरी नीट झाली तर राहतो. नाहीतर सोमवारी पुण्याला होकार कळवतो." तेव्हा रविवारी बोट पाण्यात पाहिजे होती, काहीही झालं तरी. ओढायला माझी जीप होती. राहिला होता फक्त हूक, आणि हुकाला किती वेळ लागतो?

व्याह्यांना विचारलं तर आठवडा लागतो. होटगी रस्त्यावर रशीदभाईंचं वेल्डिंगचं दुकान आहे. मी जीप तिथे लावली, बंपरला हूक चिकटवायला सांगितला आणि भाव पाडायला सुरुवात केली, तोवर व्याही टमटममधून उलटे उतरले. त्यांनी वाकून बंपर हलवला. "ह्यो पत्रा हाय. पत्र्याला बोट बांधता व्हय? बोट हितंच ऱ्हाईल आनि बंपर उजनीला जाईल."

रशीदभाई म्हणाले, "चाचा, हाथी बांधो. हाथी भी खेंचेगा."

"हत्ती चालतोय स्वतःच्या पायानं," व्याही म्हणाले. "हूक चेसिसला पायजे. नटबोल्टनं."

मग जीपच्या चेसिसला, म्हणजे खालच्या लोखंडी सांगाड्याला, आडवी पट्टी आली. पट्टीला हुकाचा गोळा आला. गोळ्यावर ट्रॉलीच्या दांडीचं टोक बसेना, कारण गोळा एका मापाचा आणि टोक दुसऱ्या मापाचं. मी म्हणालो, सैल आहे, पण बसतंय. त्यांनी लाल रुमाल काढला. गोळा बदलला. मग दोन साखळ्या, आणि त्याही सरळ नाहीत. दांडीखालून एकमेकींवरून तिरक्या, म्हणजे हूक सुटलाच तर दांडी रस्त्यात न रुतता साखळ्यांच्या झोळीत पडावी. मग मागचे दिवे. मी सांगितलं, अहो, आपण दिवसा जाणार. ते म्हणाले, "शेवटच्या डब्याचा दिवा दिसला न्हाय, तर स्टेशनमास्तर गाडी पुरी आली असं मानत न्हाय. दिवसा काय, रात्री काय." जीपपासून ट्रॉलीपर्यंत वायर आली. मी ब्रेक दाबायचा, ते मागून ओरडायचे, "लागला." डावा इंडिकेटर, "लागला." उजवा दिला तर डावाच लागला. पुन्हा सगळं उघडलं. रशीदभाईंनी माझ्याशी भावाची बोलणीच बंद केली होती. ते आता थेट व्याह्यांना विचारून काम करत होते. माझ्याच जीपवर, माझ्याच पैशाने, मला कोणी विचारत नव्हतं.

पण खरा भडका उडाला तो रविवारी पहाटे. रिकामी गाडी नेणं माझ्या स्वभावात नाही. रिकाम्या फेरीत डिझेल जळतं तेव्हा मला ते स्वतःच्या पोटात जळल्यासारखं वाटतं. पाण्याच्या काठी एका ढाबेवाल्याला कांदा हवा होता, म्हणून मी पोती बोटीत टाकली होती, मागच्या बाजूला, जिथे उतरवायला सोपी. व्याह्यांनी हुकात बसवायला ट्रॉलीची दांडी एका हाताने उचलली, आणि ती फुलासारखी वर आली. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग बोटीत डोकावले.

"पाव्हणं, मागं काय हाय?"

"कांदा."

"काडा."

"का? ऊस नाही का जात असाच? मागं लोंबकळत जातो की कारखान्यापर्यंत."

"ट्रॅक्टर बैलाच्या चालीनं जातोय. जीप पळनार. वजन मागं आलं, तर ट्रॉली शेपटीवानी हालती आनि मग जीपलाच हालवती. दांडीचा भार हुकावर पायजे. सगळ्या वजनाचा दहावा भाग तरी पुडं बसला पायजे."

मी म्हणालो, "निम्मी पोती राहू द्या."

"मग हूक बी निम्माच लावू का?"

इतक्या दिवसांचं साठलेलं तेव्हा बाहेर आलं. मी व्याह्यांवर ओरडलो. लग्नातली बस काढली, सुतळी काढली, अक्षता काढल्या. पाहुणे येऊन परत जातील, तुमच्याच पोराचं पोट आहे ह्याच्यावर, तो सोमवारी पुण्याला जाईल आणि तुम्ही इथे बसा रुमाल धरून, असं म्हणालो. लेक दारात नारळ घेऊन उभी होती, ती आत निघून गेली. जावई टायरकडे बघत राहिले.

व्याही चिडले नाहीत. ते म्हणाले, "माजंच पोरगं चालवनार हाय न्हवं? म्हनून तर." आणि सदऱ्याच्या बाह्या सारून बोटीवर चढले. ह्या वयात त्यांनी एकेक पोतं स्वतः पुढे ओढलं. काही चाकाच्या पुढच्या अंगाला रचली, काही खाली देऊन जीपमध्ये टाकायला लावली. दांडीखाली वजनकाटा ठेवून बघितलं, एक पोतं परत थोडं मागे सरकवलं. पट्टे आवळले. एकही पोतं घरी राहिलं नाही. माझं भाडं बुडू दिलं नाही, हे मी तेव्हाच पाहिलं. पण मी अजून रागात होतो. मग हिरवा रुमाल वर गेला.

व्याही मागच्या सीटवर उलटे बसले, त्यांच्या शेजारी लेक, मी पुढे, जावई स्टिअरिंगवर. जीपचा वेग आम्ही ठरवत नव्हतो, तो मागून येत होता. "जरा कमी. पुडच्या गाडीपासून लांब ऱ्हा. आपलं ढुंगण जड हाय, लवकर थांबत न्हाय." मोहोळच्या पुढे त्यांनी थांबायला लावलं, आणि खाली उतरून ट्रॉलीच्या एकेका चाकाच्या मध्यावर, जिथे आतलं बेअरिंग तापतं तिथे, तळहात ठेवला, पोराचं कपाळ बघावं तसा. "ताप न्हाय," म्हणाले. पट्टे पुन्हा आवळले, कारण पहिल्या पल्ल्यात ते सैल पडतातच म्हणे, आणि पडलेही होते. त्यानंतर थोड्याच वेळात उसाचा एक ट्रॅक्टर, मागे दोन ट्रॉल्या, शेतातून सरळ रस्त्यावर आला. जावयांनी ब्रेक दाबला. मी डोळे मिटले. जीप थांबली, तिच्या मागे बोटही थांबली, एका रेषेत, जराही वाकडी न होता. मागून आवाज आला, "लागला."

ढाब्यावर कांदा उतरवून आम्ही काठाला पोहोचलो. उतारावर बोट पाण्यात सोडायची, तर ट्रॉली उलटी न्यावी लागते, आणि तिथे आमचा दोघांचा अभिमान गळून पडला. स्टिअरिंग उजवीकडे वळवलं की ट्रॉली डावीकडे पळते. जावयांनी प्रयत्न केला, जीप आणि ट्रॉली एकमेकींना मिठी मारायला निघाल्या. मी प्रयत्न केला, तेव्हा बघ्यांनी मोबाईल काढले. मग व्याह्यांनी दिव्यांची वायर सोडवून ठेवली, धोतर वर खोचलं, आणि ते दोन्ही रुमाल हातात घेऊन गुडघाभर पाण्यात जाऊन उभे राहिले. जावयांना फक्त आरसा बघायचा होता, आणि आरशात व्याही. हिरवा जरा डावीकडे, हिरवा जरा उजवीकडे, लाल. थांबून, पुढे घेऊन, पुन्हा हिरवा. आयुष्यभर उलटं बघितलेल्या माणसाला उलटं काही वाटतच नव्हतं. ट्रॉली सरळ पाण्यात उतरली आणि बोट अलगद वर उचलली गेली. लेकीने नारळ फोडला. पाहुणे वेळेवर आले, लाइफ जॅकेट घालून बसले. जावयांनी हाक मारली, "आण्णा, या की. जागा आहे." ते म्हणाले, "नको. काठाला कोन तरी पायजे."

बोट परत आली तेव्हा पाहुणे खूश होते. त्यांना दुसऱ्या दिवशी पहाटे पुन्हा जायचं होतं, आणि त्यांनी ओळखीच्या आणखी काही जणांना फोनही केले होते. जावई माझ्याकडे आले. "मामा, बोट पाण्यातच राहू दे. आम्ही दोघं इथंच खोली घेतो, हंगामभर. पुण्याला नाही म्हणून कळवतो." मी म्हणालो, "बरं." व्याह्यांनी मान हलवली आणि ट्रॉलीच्या साखळ्या लावायला गेले.

रिकाम्या ट्रॉलीलाही त्यांनी सगळं केलं: हूक, साखळ्या, दिवे. रिकामी जास्त उडते म्हणे. मी उभा राहून वाट पाहिली. मग मी जीप चालवत निघालो, ते मागे उलटे बसले. माझ्या एका बाजूची सीट रिकामी, त्यांच्या एका बाजूची रिकामी. वेग कोणी सांगितला नाही. मीच हळू चालवत होतो. डांबरी रस्त्याला लागलो, वळण आलं, दोन्ही बाजूंना ऊस उभा राहिला, आणि पाणी केव्हाच दिसेनासं झालं.

बऱ्याच वेळाने मी विचारलं, "पाव्हणं, काय दिसतंय मागं?"

"बोट," ते म्हणाले.

मी आरशात पाहिलं. रिकामी ट्रॉली आणि ऊस. जन्मात कोणाचा शब्द मी घासाघीस केल्याशिवाय घेतलेला नाही. तो घेतला.