शाळेला निघालेली नवरी

अमीनाबीचं बोलणं पुरं व्हायच्या आधीच मी म्हणाले, "पोरगी मी नेते." घरच्या मालकांना विचारलं न्हाय, नुसतं सांगितलं. वाट बघणं मला जमत न्हाय.

अमीनाबी आमची शेजारीण, कापूस पिंजून पोट भरणारी विधवा. तिची शकिला बारा वर्षांची. गावातल्या मदरशाच्या चार जमाती, म्हंजे चार इयत्ता, संपवून घरी बसलेली. पुढची शाळा धाराशिवला, मुलींची, राहायची सोय असलेली. इकडं चुलता म्हणत होता, ईद झाली की निकाह. म्हणजे ईदेच्या आत पोर शाळेत बसली तर बसली.

रस्त्याचं नीट सांगते, तुमच्यातलं कुणी लेक-भाची घेऊन निघालं तर उपयोगी पडेल. आमचं गाव कळंबच्या अंगाला. तिथून येरमाळ्यापर्यंत बैलगाडी. पहाटे निघा, उन्हाच्या आत पोचाल. वाटेवर नुसता फुफाटा, पदर तोंडाला बांधा. येरमाळ्यात देवीच्या वाटेवर भजी मिळतात, ती घेऊ नका, शिळी असतात. भाकरी आणि शेंगाची चटणी घरूनच न्या. पुढं धाराशिवला मोटार. ती भरली की सुटते, तोवर सुटत न्हाय.

पण खरी अडचण माणसांची. पोरीला शाळेत नेते म्हटलं की ज्याला त्याला अक्कल फुटते. "एवढी थोराड पोर? बाप कुठाय हिचा?" तेच सासरी नेते म्हणा, उठून जागा देतात. म्हणून निघतानाच मी पेटीतली माझ्या लग्नातली काळी पोत काढली आणि शकिलाच्या गळ्यात बांधली. काळी पोत आमच्यात काय न् त्यांच्यात काय, लगीन झालेलीच्याच गळ्यात.

"मावशी, आवळतंय."

"आवळू दे. धाराशिवपर्यंत तू नांदायला चाललीस. मान खाली घाल."

मोटारीत शेजारी एक म्हातारी, मांडीवर वांग्यांची टोपली. तिनं विचारलंच. मी खोटं इतकं सफाईनं बोलले, की सासूचा स्वभाव आणि घरच्या म्हशीसुद्धा सांगून टाकल्या. म्हातारीचे डोळे भरले. शकिलाच्या हातावर गुळाचा खडा ठेवून म्हणाली, "सास को उलट के मत बोल, बेटी. बोलना हुआ तो चूल्हे से बोल."

येडशीच्या झाडीत मोटार हळू झाली. शकिला बाहेरच्या मैलाच्या दगडांवरचे उर्दू आकडे ओठातल्या ओठात वाचत होती. मी कोपर मारलं. नांदायला जाणारी पोर दगड वाचत न्हाय. पुढचा दगड आला तेव्हा मीच वाकून बघितलं. मला तो नुसता दगडच दिसला.

धाराशिवात अड्ड्यापासून शाळा पायी जवळ आहे. टांगा करू नका. मोठ्या उस्तानीबाईंनी, म्हंजे तिथल्या मुख्य मास्तरीणबाईंनी, शकिलाचे कागद बघितले, चार ओळी वाचून घेतल्या, खूश झाल्या. तेवढ्यात मागच्या दारातून वांग्यांची टोपली आत आली. मोटारीतली म्हातारी शाळेची स्वयंपाकीण निघाली!

"या अल्ला! ये तो सुसराल जारी थी ना? घर में भैंसां हैं बोले थे!"

माझा हात शकिलाच्या गळ्याकडं गेला. फाटकाबाहेर पोत काढायची मी विसरले होते.

उस्तानीबाईंनी वही मिटली. "लग्न झालेल्या मुली आम्ही ठेवत नाही. चार दिवसांनी सासरचे येतात, ओढून नेतात. दोनदा बघितलंय मी."

"लगीन झालं न्हाय हिचं! म्या खोटं बोलले!"

"कुठं खोटं बोललात, बाई? मोटारीत, की इथं?"

शकिलानं पोत सोडली आणि मेजावर ठेवली.

म्हातारी पुढं आली. पोरीची हनुवटी वर करून तिनं गळ्यावरून बोट फिरवलं. मग काही न विचारता माझा पदर बाजूला केला. "देखो उस्तानी माँ. पोत का गला ये है." वर्षानुवर्षं घासून पडलेला माझा वळ तिनं दाखवला. "छोरी का गला कोरा है."

बाई दोन्ही गळे बघत राहिल्या. मग मला म्हणाल्या, "कितव्या वर्षी बांधली?"

"नवव्या. दुसरीत होते."

त्यांनी वही उघडली.

मेजावरची पोत मी कनवटीला लावली आणि परतीची मोटार जाऊ दिली. वर्गाच्या खिडकीखाली बसून राहिले. आतून पोरींचे पाढे येत होते. आम्ही बाराच्या पाढ्यावर होतो तेव्हा मला घरी बोलावलं होतं. तेराचा सुरू झाला तशी मी कान दिला, पण घोळक्यात एकेक शब्द सुटा होईना. रात्री म्हातारीच्या खोलीत वांग्याची भाजी खाल्ली. मुक्कामाला त्याहून बरी जागा मला ठाऊक न्हाय.

घरी येऊन आठ दिवस झाले. काल विहिरीवर खालच्या आळीतली एक बाई, पाच लेकींची आई, घागर खाली ठेवून हळूच म्हणाली, "आक्का, ती पोत हाय का अजून?"

"हाय. पण फाटकाच्या आधी सोडायची, ध्यानात ठेव."

घरी येऊन पेटी उघडली. दोरा कुजला तर न्हाय, म्हणून पोत ताणून बघितली. घरात कुणी नव्हतं. गळ्याला लावली. टोकाला टोक पोचलं न्हाय.