पुठ्ठ्याची नाणी

जानेवारीतला दुसरा शनिवार, सकाळचे साडेनऊ. पत्र्याच्या डब्यात ऐंशी रुपये: दहाच्या सहा नोटा आणि दोनची दहा नाणी. हजर होते केंद्रप्रमुख साहेब, दुसरीच्या मुकादम मॅडम, माझ्या पहिलीच्या वर्गातली सुगंधा, तिची आई आणि मी. सुगंधापुढे बोरांचे दहा वाटे तसेच पडून होते.

"विकत का नाहीस गं?" मी विचारलं.

"सुट्टं संपलं, गुरुजी."

"मग डब्यात काय हाय ते?" तिची आई म्हणाली.

"ते पाचचं हायेत. दोनचं संपलं."

दहाही नाणी दोनची होती.

हे कसं झालं ते सांगायचं तर मुकादम मॅडमपासून सुरुवात करावी लागेल.

आमची शाळा चौक गावाच्या पुढे, जिल्हा परिषदेची, चौथीपर्यंत. माझी नोकरी सव्वीस वर्षं झाली, त्यातली बरीच पहिलीच्या वर्गावर. मॅडम गेल्या वर्षी आल्या. त्यांच्या वडिलांचं चौक गावात खिळे-पाइपांचं दुकान आहे, लहानपण गल्ल्याजवळ गेलेलं. नाणी शिकवायला त्यांच्याकडे एक कापडी पिशवी होती. आत खरी नाणी. मुलाने हात घालायचा, न बघता एक नाणं चाचपायचं, किती रुपयांचं ते सांगायचं, मग बाहेर काढून बघायचं. एवढंच. पण मधल्या सुट्टीत माझा निम्मा वर्ग त्यांच्या दारात. "मॅडम, आमाला पण पिशवी!" माझा नाण्यांचा तक्ता सहा वर्षं भिंतीवर होता. त्याच्यासाठी कोणी दारात उभं राहिल्याचं मला आठवत नाही.

पालक माझ्यासमोर मला सांगायचे, "नवीन मॅडम काय शिकवतात हो!" मी हिशेबी माणूस आहे. कोणी कोणाचं किती कौतुक केलं, तेही माझ्या लक्षात राहतं.

त्यात डिसेंबरच्या शिक्षण परिषदेत, म्हणजे आसपासच्या दहा-बारा शाळांच्या शिक्षकांच्या मासिक बैठकीत, केंद्रप्रमुख साहेबांनी जाहीर केलं की नाण्यांवरचा एक पाठ आपल्या केंद्रातर्फे तालुक्याला खालापूरला जाईल. "तुमच्या शाळेचा बालबाजार बघतो आणि ठरवतो," ते म्हणाले. बालबाजारात मुलं घरून भाजी, खाऊ, रानमेवा आणतात आणि दुकान मांडून खरोखर विकतात. सव्वीस वर्षांत माझा पाठ तालुक्याला गेला नव्हता. या वेळी मला तो न्यायचाच होता, आणि मॅडमचा जाऊ द्यायचा नव्हता.

घरी, भिसेगावात, मी रोज पुठ्ठा कापत बसलो. बायको म्हणाली, "अहो, त्या मॅडमचं नाव काढल्याशिवाय तुम्हाला घास गिळत नाही का? तिसऱ्यांदा झालं आज."

"मी फक्त पिशवीबद्दल बोललो."

"पिशवी काय, मॅडम काय. डिंक सांडलाय बघा."

नाणी शिकवण्यातली खरी अडचण अशी. एक रुपयाची तीन नाणी आणि पाचचं एक नाणं पुढे ठेवून जास्त पैसे कुठे, असं विचारलं, तर सहा वर्षांचं मूल तीन नाण्यांकडे बोट दाखवतं. ते नग मोजतं, किंमत मोजत नाही. मी विचार केला, किंमत डोळ्यांना दिसली पाहिजे. म्हणून एकचं नाणं पापडीएवढं केलं, दोनचं पुरीएवढं, पाचचं बशीएवढं आणि दहाचं ताटलीएवढं. वर चंदेरी कागद. अंक मराठी, कारण पहिलीत तेच शिकवतो. आठवड्यात वर्ग तयार झाला. मी विचारायचो, "कोणतं जास्त?" आणि सगळे ओरडायचे, "मोठं ते जास्त!"

मॅडम एकदा वर्गात डोकावल्या. "सर, सुंदर झालीत नाणी. फक्त खरं पाचचं नाणं—"

"मॅडम, तुम्ही तुमची पिशवी सांभाळा."

त्या हसल्या आणि गेल्या. त्यांचं ते हसणंही मला आवडलं नाही.

मॅडमनी आपल्या मुलांच्या मालाचा भाव सरसकट पाच रुपये ठेवला. मी मुद्दाम आठ ठेवला. दहाची नोट आली की दोन रुपये परत द्यावे लागणार. माझी पहिलीतली मुलं सुट्टे परत देतात आणि त्यांची दुसरीतली नुसती घेतात, हे साहेबांना दिसायला हवं होतं. दर दुकानाला मी पदरचे पन्नास रुपये सुटे दिले: पाचची सहा, दोनची दहा.

त्या शनिवारी बालबाजारात पहिला अर्धा तास मुलांनीच मुलांकडून घ्यायचं, पालकांनी नंतर. सुगंधाचे सहा वाटे त्या वेळात गेले, आणि मग ती हात बांधून बसली.

"दुसरीची पोरं आली होती का गं इथे?" मी मॅडमकडे न बघता विचारलं.

"नाय गुरुजी. सगली आपल्याच वर्गातली."

"दोन रुपये म्हणून कोणतं नाणं दिलंस?"

"बारकं." आणि तिने डब्यातलं दोनचं नाणं उचलून मला दाखवलं. "ह्ये मोठं. मोठं ते जास्त."

साहेबांनी खिशातून पाचचं नाणं काढून त्या दोनच्या नाण्यावर ठेवलं. खालच्या नाण्याची कड चारी बाजूंनी दिसत होती. माझ्या खिशात रोज असतात ही नाणी. मी कधी एकावर एक ठेवून बघितली नव्हती. वर अंक इंग्रजी, म्हणजे वाचून कळायचीही सोय नाही.

सुगंधाने सहा गिऱ्हाइकांना दोनऐवजी पाच परत केले होते. एकानेही कुरकुर केली नाही. देणाऱ्याला आणि घेणाऱ्याला एकाच गुरुजींनी शिकवलं होतं. रांगेतल्या बाकीच्या दुकानांवरही हेच चाललं होतं.

"गुरुजी," साहेब म्हणाले, "तुम्ही शिकवलेलं मुलं विसरत नाहीत, हे मात्र मानलं." मग मॅडमकडे वळले. "खालापूरला तुमची पिशवी घेऊन या."

मला वाटलं, इथे तरी संपेल. पण मॅडम म्हणाल्या, "सर, तुमची पुठ्ठ्याची नाणी द्याल मला?"

"आता कशाला?"

"पाठात आधी ही दाखवीन, मग खरी. मोठं म्हणजे जास्त असं मुलांना वाटतंच. ते एवढं स्पष्ट मला दाखवता आलं नसतं. तुमचं नाव सांगेन ना."

"नाव नको," मी म्हणालो. नाणी दिली. मोजून दिली. तालुक्याला तो पाठ फार गाजला असं ऐकलं. मी त्या दिवशी रजा टाकली होती.

धडा एवढाच की नाणं शिकवायचं तर हातात नाणंच द्यावं. हे मला कोणीतरी आधी सांगितलं होतं, आणि कोणी, तेच आड आलं.

"त्ये सगलं ऱ्हाऊ द्या," त्या शनिवारी मॅडमचं बोलणं संपताच सुगंधाची आई म्हणाली. "माज्या बोरांचं काय, गुरुजी? काट्यात हात घालून आनलीत. आज बाजाराला गेले असते तर आतापर्यंत संपली असती."

मी हिशेब केला. सोळा वाटे, आठ रुपयांनी एकशे अठ्ठावीस. डब्यातल्या ऐंशीतून माझे पन्नास वजा, उरले तीस, ते तिचे. जास्त परत गेलेले अठरा मी भरायचे. उरलेले दहा वाटे मी घेतले, त्यांचे ऐंशी. मी शंभराची नोट पुढे केली.

आईने कनवटीची दोन नाणी सुगंधाच्या तळहातावर ठेवली, एक दोनचं, एक पाचचं. "दे गुरुजींना दोन रुपये."

सुगंधाने आधी माझ्याकडे बघितलं. मग मुकादम मॅडमकडे. मॅडमनी डोळे मिटून दाखवले. सुगंधानेही डोळे मिटले, दोन्ही नाणी बोटांनी चाचपली आणि मोठं माझ्या हातावर ठेवलं.

बरोबर होतं. शेवटी दिले ते अठ्ठ्याण्णव रुपये, सुगंधाच्या आईला.