थोरला आधी, धाकटा शेवटी

माझ्या भावाची कंबर मोडली त्या हंगामात आमच्या घरी एकच वेळ पेज शिजे, तीही अळणी. आम्ही कळव्याच्या खाडीकाठचे, पिढ्यान्‌पिढ्या मिठागरावर राबणारे. पण चिमूटभर मीठ घरी नेलं तर शिपाई झडती घेई. बापाच्या तळव्यांच्या भेगा खाऱ्या पाण्यानं कधी बुजल्या नाहीत.

भाऊ पडला तो कार्तिकातल्या जत्रेत. वर्षभर आमच्या खाडीपट्टीच्या तालमी आपापसांत लढत, आणि कल्याणकडच्या वरपट्टीच्या त्यांच्या त्यांच्यात. दोन्ही पट्ट्यांची गाठ फक्त जत्रेच्या आखाड्यात, पाच कुस्त्यांपुरती. त्यातही शेवटची जो मारील त्याची पट्टी जबर, असा रिवाज. हे नुसत्या बढाईपुरतं असतं तर मी लिहीत बसलो नसतो. मिठागराचा मुकादम कडेला बसून बघे. जिंकणाऱ्या पट्टीच्या माणसांना तो खालचे वाफे देई, जिथे भरतीचं पाणी आपसूक येतं. हरलेल्यांना वरचे. तिथे पाणी उपसून चढवता चढवता माणूस म्हातारा होतो.

आम्ही ओळीनं सात वर्षं हरलो होतो. मुकादम म्हणे, खाडीवाल्यांची हाडं मिठात विरघळली.

भाऊ तालमीत सगळ्यांत धाकटा, म्हणून त्याची कुस्ती शेवटची. समोर वरपट्टीचा सर्वांत कसलेला गडी. पान लावून खाईपर्यंत सगळं आटोपलं. भावाला होडीत आडवा घालून आणला. तो पुन्हा ताठ उभा राहिला नाही.

मी तेव्हा ठाण्याच्या शाळेत जात होतो. त्या सात वर्षांच्या कुस्त्या मी लोकांना विचारून पाटीवर मांडल्या. पहिल्या दोन दरवर्षी आमच्या, शेवटच्या दोन दरवर्षी त्यांच्या. मधली कधी इकडे, कधी तिकडे. कारण डोळ्यांसमोर होतं. आमच्यात पहिल्या कुस्तीच्या नारळाचा मान थोरल्याचा, म्हणून आमचा सर्वांत तयार गडी आधी उतरे. त्यांचा सर्वांत शेवटी. आमचा थोरला त्यांच्या पोरसवद्याला लोळवी, तेव्हा लोक अजून रेवड्या घेत असत. आणि आमचं कोवळं पोर त्यांच्या थोरल्याखाली जाई, तेव्हा सगळी जत्रा बघे. सारख्याला सारखा भिडे तो फक्त मधल्या कुस्तीत. तिच्यावरून पाहिलं तर दोन्ही पट्ट्या तोलाला सारख्या.

पाटी घेऊन मी आमच्या तालमीच्या वस्तादांकडे गेलो. त्यांनी अंगठा ओला करून ती पुसली.

"बाला, कुस्ती मातीन होतं, पाटीवर नाय. थोरल्याचा नारल काय धाकट्याला देऊ?"

घरी येऊन भावाला सांगितलं. शाळेत जातो म्हणून तो मला मास्तर म्हणे. तो म्हणाला, "मास्तर, हे मी पडायच्या आदी का नाय मांडलंस?"

पुढं तो पडल्या पडल्या मिठाच्या टोपल्या विणायचा, आणि त्यांवर मी मुंबईला कॉलेजात शिकलो. दर कार्तिकात एक धाकटा शेवटी उतरत राहिला. माझ्या शेवटच्या परीक्षेच्या आदल्या पावसाळ्यात भाऊ गेला.

मी पास होऊन आलो तेव्हा वस्ताद आपण होऊन दारी आले. मला घोंगडीवर बसवलं, स्वतः खाली जमिनीवर बसले, आणि म्हणाले, "तुजी ती पाटी सांग पाहू." मी सांगितली. एक अक्षर नवं नव्हतं. मात्र आता ते शिकलेल्या माणसाच्या तोंडून येत होतं. मला अभिमान वाटला आणि रागही आला. दोन्ही मी गिळले.

त्या कार्तिकात नारळ धाकट्यानं फोडला आणि थोरला शेवटी उतरला. दिवेलागणीपर्यंत कोणाचीच पाठ मातीला लागली नाही. पंचांनी कुस्ती बरोबरीत सोडवली. मुकादमाला खालचे वाफे निम्मे निम्मे वाटावे लागले.

मी बी. ए. झालो, आमच्या वस्तीतला पहिला. आणि खालचे निम्मे वाफे आमचे झाले.