मामंजींच्या कण्या

सोनपेठेत कुणा म्हाताऱ्याच्या पोटात काय चाललंय, हे त्या म्हाताऱ्याच्या आधी माझ्या सासऱ्यांना, म्हणजे मामंजींना, कळायचं. निजामाच्या तहसील कचेरीतली पेशकारी संपवून ते पेन्शनीवर घरी आले आणि हुकूमतीचा उरलेला सगळा जोर त्यांनी आमच्या चुलीवर काढला. साठी उलटलेल्यानं ज्वारीच्या कण्या मऊ शिजवून ताकात खाव्यात, पालेभाजी रोज, तळलेलं कधीच नाही, असा त्यांचा कायदा. बाजारात ओळखीचा म्हातारा दिसला, की नमस्काराआधी विचारत, "दात किती राहिले?" एका लग्नात तर त्यांनी नवरदेवाच्या आजोबांच्या पत्रावळीवरची बुंदी उचलून तिथं मेथीची भाजी वाढली. आजोबा बिचारे मान खाली घालून भाजी खात राहिले, आणि मामंजी हात धुवायला उठताच त्यांनी शेजाऱ्याची बुंदी ओढली.

मग किराणा दुकानवाल्या अप्पांची बायको गेली. अप्पा मामंजींचे लहानपणापासूनचे सोबती. लेक जिंतूरला दिलेली, घरात दुसरं कुणी नाही. महिन्याभरात अप्पांना तराजू उचलवेना.

"काय खाल्लं आज?" मामंजींनी विचारलं.

"चहा घेतला की."

त्याच दुपारी मामंजी कण्यांचा डबा घेऊन दुकानात गेले. अप्पा म्हणाले, "भूक न्हाई मला. घेऊन जावा."

"ऱ्हाऊ द्या. तुमी खाल्ल्याबिगर मीबी खात न्हाई."

जेवायला जरा उशीर झाला तर घर डोक्यावर घेणारे मामंजी तिथं पोत्यावर उपाशी बसून राहिले. दिवे लागले तेव्हा कुठं अप्पांनी डबा ओढला. तो सगळा त्यांनाच संपवू देऊन मामंजी घरी आले आणि चुलीपाशी टेकत हळूच म्हणाले, "सूनबाई, काय उरलंय का बघ." लेकरांसाठी तळलेली गार भजी तेवढी होती. ती त्यांनी सगळी खाल्ली.

पुढं रोज दोघं दुकानातच जेवू लागले. अप्पा सावरले, मीठ कमी पडलं म्हणून भांडूही लागले. पण रझाकारांची धामधूम वाढली, तशी लेक येऊन एकट्या बापाला आपल्याकडं जिंतूरला घेऊन गेली.

त्यानंतर मामंजी ताटात काय वाढलंय हे बघेनासे झाले. चार घास खाऊन उठत. एका दुपारी असेच उठले आणि दारात थांबले.

"सूनबाई, तुझंबी ताट घे. एकट्याला जेवण जाईना बघ."

सासऱ्यांसमोर सुना जेवत नसत. मी ताट वाढून घेतलं, पदर सारखा केला आणि दाराआड बसले. मामंजी परत पाटावर आले. मला अवघडल्यासारखं होऊ नये म्हणून त्यांनी तोंड भिंतीकडं केलं, आणि सावकाश घास घेतला.