राखेने घासलेला विषय

मीरा, ईशान, आत्याच्या विद्यापीठाच्या संकेतस्थळावर तिच्या नावाखाली ‘संशोधनाचा विषय : यीस्ट पेशींची उष्णता-सहनशीलता’ असं वाचून तुम्ही काल फोनवर विचारलंत, म्हणजे ती नेमकं करते काय? जीवरसायनशास्त्र मला बेताचंच कळतं. पण तो विषय मी एकदा स्वतःच्या हाताने घासून मोरीत ओतला होता, तेव्हा सांगण्याचा अधिकार माझाच.

माघ सरत होता. डहाणूच्या आमच्या ओट्यावर उतरत्या उन्हात पिकत्या चिकूंचा जड, गोड वास साचला होता आणि त्यात जवळच्या कैनाड गावच्या ताडीवाल्या सखूबाईने आत्यासाठी आणून ठेवलेल्या ताडीच्या मडक्याचा आंबूस दर्प मिसळत होता. तिच्या घरी रोजची ताजी ताडी त्यातल्या जुन्या गाळावर पडे आणि दुपारपर्यंत फसफसून येई. आत्याने फोनवर एवढंच सांगितलं होतं, “आई, मडकं सांभाळ, उद्या प्रयोगशाळेत न्यायचंय.” पांढऱ्या कोटातल्या माणसांपुढे आपल्या घरून असं लडबडलेलं भांडं जावं? मी उकळतं पाणी, राख, चिंच, काथ्या, सगळं लावलं आणि मडकं उन्हात पालथं घातलं.

आत्या बर्फाची पेटी घेऊन आली. “आई, गाळ कुठाय?”

“कसला गाळ? आतून हात फिरवून बघ.”

तिने रिकामी पेटी ओट्यावर ठेवली. भर वैशाखातही न मरणारं यीस्ट त्या गाळात होतं. तिची दोन वर्षांची खटपट त्याच्यावर अडली होती.

मडक्याची चौकशी करायला आलेल्या सखूबाईने आत डोकावून पाहिलं. “बाय, माझ्या सासूनं जन्मभर याला पाणी नाय लावलं, आन् तू साबणानं आंघोळ घातलीस?”

“साबण नाही, राख,” मी खुलासा केला.

ती इतकी हसली की पदर तोंडाला लावावा लागला. मग आत्याला म्हणाली, “रडू नको पोरी. माझ्या लेकीला लग्नात सुक्या भोपळ्यात भरून ह्योच गाळ दिलेला. चल तलासरीला. पण बिगीबिगी चल, तीपण आताशा शिकलेल्या बायांत बसते.”

रिक्षात वाटभर मी एका अनोळखी मुलीच्या आळसासाठी प्रार्थना करत होते. तिच्या पडवीत मडकं होतं : काळपट, चिकट, माश्यांनी वेढलेलं. घाणीकडे इतक्या कृतज्ञतेने मी आयुष्यात कधी पाहिलं नव्हतं. आत्याने एक नळी भरून घेतली, सखूबाईने एक भोपळा.

घर नीट ठेवलं की सगळं नीट राहतं, असं मी तुमच्या आत्याला लहानपणापासून शिकवलं. हे यीस्ट मात्र वाचलं, कारण कुणीतरी ते कधीच दुसऱ्या घरी देऊन ठेवलं होतं.

सखूबाईच्या मडक्यात तो गाळ अजून फसफसतो आहे.